आई, नेबो डोंगर आणि न तोडलेली फुलं

आमच्या सांता क्लाराच्या घराला लागून शेजारणीच्या गुलाबांचं एक कुंपण आहे. नागपूरहून आलेली माझी आई सकाळी पिशवी घेऊन फिरायला जायची आणि त्यातली देवापुरती फुलं तोडून आणायची. तिकडे तिने आयुष्यभर हेच केलंय. फरक एवढाच की इथल्या डोअरबेलला कॅमेरा असतो! कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर आईचा व्हिडिओ आला. शेजारणीने खाली हसरा चेहरा टाकला होता, पण आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चोर ठरले मी. तिकीट बदल माझं," ती म्हणाली. तिचा अर्धा मुक्काम अजून बाकी होता आणि मला ती हवी होती. फुलांनी झालेला घोळ फुलांनीच निस्तरायचा, म्हणून मी युटामधला माउंट नेबो गाठायचं ठरवलं. जुलैत तिथे रानफुलांचा नुसता कहर असतो. नवऱ्याच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, त्यामुळे आई, सात वर्षांची लेक रेवा आणि मी, अशी आमची बायकांची फौज निघाली.

सॉल्ट लेक सिटीला उतरून भाड्याची गाडी घेतली. दक्षिणेला तासाभरावर पेसन गाव आहे. मुक्काम तिथेच करा आणि टाकीही तिथेच भरा, कारण पुढच्या घाटात ना पंप, ना हॉटेल, ना फोनला रेंज. हिवाळ्यात रस्ता बंद असतो, उन्हाळ्यात फुकट. घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या पहिल्या वळणालाच उघडल्या गेल्या.

वर चढताना मी गोष्ट सांगितली. इथे वस्तीला आलेल्या श्रद्धाळू लोकांनी डोंगराला बायबलमधलं नाव दिलं. मूळचा नेबो पार जॉर्डनमध्ये. ज्या भूमीसाठी मोझेस जन्मभर वणवण फिरला, ती देवाने त्याला त्या डोंगरावरून दाखवली आणि म्हणाला, तू मात्र तिथे जायचं नाहीस.

"काय बाप्पा! नुसतं दाखवलं?" आई चिडली. "हे काय देवाचं वागणं झालं?"

आणि पुढच्या वळणावर मी किंचाळलेच. अख्खा उतार फुललेला! निळे तुरे, लालभडक झुबके, पिवळ्याधमक फुलांचे ताटवे, आणि मागे नेबोची उंच धार. गाडी लावली आणि आम्ही तिघी ओरडत पळत सुटलो. पंजाबी ड्रेस आणि माझे जुने स्नीकर्स घातलेली आई सगळ्यात पुढे. मला इतकं हसू येत होतं की फोटो एकही धड आला नाही.

मग आईने सवयीने पर्समधून पिशवी काढली.

"आजी, नो!" रेवा तिच्यासमोर आडवी उभी राहिली. "इफ एव्हरीवन टेक्स वन, देअर विल बी नन!"

आईने पिशवीची घडी केली आणि उभ्या उभ्या हात जोडले. "इथेच वाहिली समज रे देवा." पण गाडीत बसल्यावर हळूच म्हणाली, "तिकिटाचं बघ मग." माझं तोंड उतरलं.

पलीकडे उतरून परतताना सँटाक्विनला चेरीच्या बागा लागतात. एका स्टॉलवर थांबलो. मोठी हॅट घातलेली एक अमेरिकन आजी चेरी तोलत होती आणि तिच्या मागे झेंडूची रांगच्या रांग! आईने मला बाजूला सारलं.

"फ्लॉवर. फॉर गॉड. कॅन आय?" जन्मात पहिल्यांदा तिने फुलं मागून घेतली असावीत.

"फॉर गॉड? ओह हनी, टेक ऑल यू वॉन्ट! विच गॉड?"

"बाळकृष्ण. ही लाइक्स बटर."

"सो डू आय!" म्हणत ती आजी पोट धरून हसली. निघताना तिने आईच्या हातात मागच्या वर्षीच्या बियांची पुडी ठेवली. आईने तिला उरलेल्या पुऱ्या दिल्या.

घरी आल्यावर बाळकृष्ण चार दिवस झेंडूत बुडाले होते. मी नाइलाजाने तिकीट बदलायला लॅपटॉप उघडला, तर आई बाल्कनीत माझ्या वाळक्या तुळशीच्या कुंड्या उकरत बसलेली.

"अगं, फुलं यायला दोन महिने लागतील," मी म्हटलं.

"लागू दे. पहिली शेजारणीला द्यायची आहेत."

"आणि तिकीट?"

"बंद कर ते. नुसतं लांबून बघून परत जायला मी काय मोझेस आहे?"