सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा

गोंदियात मुर्री रोडवरच्या आमच्या गॅरेजात किस्से शोधावे लागत नाहीत. बोनेट उघडलं की एखादा आपसूक बाहेर पडतो. मी तिथे वायरिंगचं काम करतो. पुरात बुडालेल्या सेकंडहँड गाड्या यायला लागल्यापासून मात्र रोज तोंडात बोटं घालायची वेळ येते.

परवा दरेकशाच्या अंगणवाडीतल्या शीलाताई आल्या. "भाऊ, एक गाडी पाहून राहिली. लई सस्ती आहे. घेऊ का नाई घेऊ?"

नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी गोंदियाला आणायचं. जंगलाच्या रस्त्यात गाडी बंद पडली तर माणूस जायचा. म्हणून आम्ही त्यांना आधी आमचे किस्से ऐकवले.

*

एका मास्तरांची गाडी. ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा! वायरिंगमध्ये पाणी मुरलेलं. मी म्हटलं, "गुरुजी, हे धोक्याचं आहे."

"असू दे. म्हशी आपोआप बाजूला होतात."

हे गृहस्थ शाळेत विज्ञान शिकवतात.

*

दुसरी गाडी अत्तरानं घमघमत होती. आमच्या उस्तादांना संशय आला. त्यांनी पायाखालचं कार्पेट उचललं, तर खाली गवत. हिरवंगार, बोटभर उंच!

गाडीवाला बघतच राहिला. मग म्हणाला, "पायाले गार लागे. मले वाटलं, एसी चांगला आहे."

*

तिसऱ्याची गाडी ऐन रेल्वे फाटकात बंद पडली. दारं लॉक, काच एकच अर्धी उघडी. बायको, दोन लेकरं आणि तो, चौघं त्या फटीतून निघाले. गेटमननं येणारी रेल्वे रोखून धरली म्हणून वाचले.

तरी त्यानं विचारलं, "उस्ताद, हे कोणाले खपवता येईन का?"

*

शीलाताईंनी सगळं ऐकलं. "तरी एकडाव पाहून घेऊ," म्हणाल्या. मी डीलरकडे सोबत गेलो. त्यांचे वडीलही होते. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाचा माणूस, जन्म पाळ बांधण्यात आणि गाळ उपसण्यात गेलेला.

डीलर म्हणाला, "बाबा, इस गाडी ने पानी देखा ही नहीं."

मी बाबांना सांगितलं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाडी धुणारे सगळं धुतात, आत गुंडाळलेला पट्टा विसरतात. बाबांनी ओढला. पट्ट्याची माती बोटांत चोळली.

"रेती नाई, बारीक गाळ आहे. पाणी वाहून नाई गेलं, दोन-तीन दिवस थांबून होतं."

ताईंचा चेहरा उतरला. बाबा मात्र थांबले नाहीत. रांगेतल्या पाचही गाड्यांचे बेल्ट त्यांनी ओढले. पाचांतही गाळ. मग ते सावलीतल्या पांढऱ्या गाडीकडे वळले. डीलर धावत आला. "वो बेचने की नहीं है. वो मेरी है."

तोवर बाबांनी बेल्ट ओढला होता. पट्टा स्वच्छ होता.

"पाच बुडाल्या, एक कोरडी," बाबा म्हणाले. "तुले मालूम होतं."

डीलर जमिनीकडे बघत होता. शीलाताई पुढे झाल्या.

"माह्या माणसाले दर सोमवारी अन् शुक्रवारी आणा लागते, भाऊ. हे पांढरीच द्या. त्या सस्तीच्याच भावात."

डीलरनं पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडलं, सीटवरचं आपल्या पोरीचं शाळेचं दप्तर काढून खांद्याला अडकवलं आणि चावी ताईंच्या हातात ठेवली.