सॅक्सोफोन ऐकणारे काका

उधना या यंत्रमागांच्या वस्तीतल्या चहाच्या टपरीवर ते मला रोज संध्याकाळी दिसायचे. लूमची पाळी सुटली की कपड्यांवरचं सूत न झटकताच बाकावर बसायचे आणि मोबाइल उजव्या कानाला घट्ट लावायचे. आधी मला वाटलं, कुणाशी तरी बोलताहेत. पण मोबाइलमधून सॅक्सोफोन ऐकू यायचा. संथ, मऊ जॅझचे अल्बम एकामागून एक चालू असायचे. मलाही ते आवडतात, म्हणून मी शेजारी बसू लागलो.

"काका, याची आवड कशी लागली?" एकदा मी मोठ्याने विचारलं.

"लूमनं कान खाल्ले, भाऊ. डावा तर पार गेला. घरात बायको बोलते त्यातलं अर्धं कळत नाही, मी नुसता हो हो करतो. गाण्यांचेही शब्द तुटतात. यात शब्दच नाहीत, म्हणून काही सुटलं असं वाटत नाही."

एखादा सूर लांबला की त्यांचे डोळे मिटायचे आणि हातातला चहा तसाच निवायचा.

दिवाळीत ते खानदेशात गावी जाऊन आले. परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"भाऊ, पाहा बरं, बंद पडला का?"

सॅक्सोफोन पूर्ण आवाजात वाजत होता. टपरीवरची माणसं वळून पाहत होती. चालू आहे, असं मी हाताने खुणावलं.

ते बराच वेळ मोबाइलकडे पाहत राहिले. मग त्यांनीच तो बंद केला.

"राहू द्या," ते म्हणाले, "लोकांना उगाच त्रास."