‘गोमती’मधला जी

“माका चकचकीत नको गो. लांबसून वाचूक व्हया,” सुनंदाकाकी म्हणाल्या. शेजारी त्यांचे मिस्टर, बाबलकाका, माझ्या स्क्रीनवरची सावली पाडलेली वळणदार अक्षरं बघत होते. त्यांना नेमकी तीच आवडली होती.

कट्टा गावात माझं बोर्ड आणि स्टिकरचं दुकान आहे. मासेमारीच्या ट्रॉलरवरचं नाव मात्र पहिल्यांदाच करत होते.

मागच्या सीझनला काकांच्या ट्रॉलरचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. दुसऱ्या ट्रॉलरवाल्यांनी लांबून पाहून बंदरावर कळवलं, पण नाव चुकीचं वाचलं. माणसं भलत्याच घरी चौकशीला गेली.

“आणि आमका कोणी कायच सांगूक नाय,” काकी म्हणाल्या. “ह्ये जिते आसत काय नाय, ताच कळना.”

सावलीच्या अक्षरांचा विषय तिथेच संपला.

परराज्यातल्या बोटींनाही वाचता यावं म्हणून नाव इंग्रजीत हवं होतं: ‘GOMATI’. नावासाठीचा पट्टा लांब, पण उंचीला कमी. अशा जागेला मी वाइड जिऑमेट्रिक सॅन्स-सेरिफ फाँट निवडला. सॅन्स-सेरिफ म्हणजे टोकांना शेपट्या नसलेली साधी अक्षरं. जिऑमेट्रिक म्हणजे कंपास-पट्टीने आखल्यासारखी. वाइड म्हणजे आडवी पसरलेली. उंची वाढवता येत नसेल, तर अक्षर रुंदीने मोठं करायचं.

“ही अक्षरां जेवान झोपल्यासारखी दिसतत,” काका म्हणाले.

“झोपू देत काका. वाचता येतील.”

रंगवण्याआधी प्रिंट काढून ट्रॉलरवर चिकटवली. मग काकी आणि मी एका छोट्या होडीतून बंदराबाहेर गेलो. होडी हलत होती. काकी डोळ्यांवर हात धरून वाचायला लागल्या.

“ओ... ओ... एम...” त्या थांबल्या. “अगो, जी खंय गेलो?”

या फाँटमध्ये जी म्हणजे जवळजवळ ओच. एका बाजूला बारीक फट, एवढाच फरक. दुकानात ती फट छान दिसत होती. लांबून ती बुजली होती. नावाखालच्या नोंदणी नंबरातले सहा आणि आठही तसेच, दोन्ही नुसती गोल भोकं.

परत येऊन जी नव्याने काढला. फट मोठी केली, आतली आडवी रेघ ठसठशीत केली. अक्षरांमधली जागा वाढवली. नंबरासाठी दुसराच, मोकळ्या वळणांच्या आकड्यांचा साधा फाँट घेतला. पुन्हा होडी काढली. या वेळी काकींनी सगळं एका दमात वाचलं.

या सीझनला पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकून ‘गोमती’ पुन्हा समुद्रात थांबली. कारवारकडच्या एका बोटीने बंदरावर कळवलं. नाव बरोबर, नंबर बरोबर. काकींना लगेच फोन गेला, आणि संध्याकाळपर्यंत ट्रॉलर ओढून आणला.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला रंग विचारण्याआधी विचारते, हे कोण वाचणार आणि किती लांबून. ‘गोमती’ची अक्षरं सुंदर आहेत असं मला अजून एकानेही म्हटलेलं नाही.