लग्नाच्या बातमीतल्या दोन ओळी

लेकीच्या लग्नाची बातमी अमेरिकेतल्या तिच्या गावच्या पेपरात येणार होती. छापायच्या आधी तिने मजकूर मला इकडे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला पाठवला, स्पेलिंग तपासायला. त्यात तिचे कैलासवासी बाबा आणि मी मिळून अर्धी ओळ होतो. आणि पुढे अख्ख्या दोन ओळी तिच्या सोरॉरिटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या ज्या क्लबात ती होती त्याच्या.

माझं डोकंच फिरलं. लगेच फोन लावला. "अगं, पत्रिकेत मामा-मावश्यांची नावं घालतात. क्लबची मेंबरशिप कसली छापतेस? लग्न आहे की नोकरीचा अर्ज?"

ती चिडली नाही. म्हणाली, "आई, पहिल्या वर्षी मी रोज रडायचे. तेव्हा याच मुली माझ्या उशाशी येऊन बसायच्या. त्यांना कशी वगळू?"

त्या वर्षी दर रविवारी मी तिला फोनवर विचारायचे, "मन रमलं का?" ती हो म्हणायची. मग ती मला तेच विचारायची आणि मी सांगायचे, माझा इथे मस्त ग्रुप जमलाय, शनिवारी एकेकीच्या घरी भेटतो, परवा सगळ्या मिळून लेस्टरला साड्या घ्यायला गेलो होतो. लेस्टरला मी एकदाच गेलेय, एकटी.

"राहू देत त्या ओळी," मी म्हटलं.

"थँक्यू. आणि तुझ्या ग्रुपमधल्या किती जणी येतील गं लग्नाला? केटररला आकडा द्यायचाय."

"विचारून सांगते," मी म्हटलं.