घासून लख्ख केलेली कांडी

गॅसवर दूध, माझ्या हातात लेकीचा एक मोजा, दुसरा बेपत्ता. आणि दारावर टकटक. उघडलं तर वरच्या मजल्यावरचे भावजी. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"वहिनी, तुम्ही चार बुकं शिकलेल्या. एक चिठ्ठी लिहून द्या. दहाच्या आत पोचवायचीय."

भावजींनी वीस वर्षं दुधाच्या कारखान्यात टाक्या धुतल्या. मळ दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. जिन्याचा कठडाही येता-जाता पुसतात. बायको म्हणते, "एक दिवस मलाही घासून पालथं घालतील." गेल्या वर्षापासून ते एका प्रयोगशाळेत टाकी सांभाळतात. रंगात लागणारं जे रसायन एरवी खनिज तेलातून काढतात, ते तिथे जंतूंकडून करून घेतात. जंतूंना साखरेचं पाणी पाजायचं आणि कार्बनच्या कांडीतून बारीकशी वीज द्यायची; मग तेवढ्याच साखरेत ते जास्त माल देतात. हे मला त्यांनीच समजावलेलं.

बसा म्हटलं तर बसले, लगेच उठले. खिडकीपाशी गेले, परत आले.

"परवा टाकी रिकामी केली होती. कांडीवर तपकिरी, बुळबुळीत थर. मी घासून लख्ख केली."

"बरं, मग?"

"ते जंतूच होते हो. कांडीला चिकटून बसतात, तेव्हा कुठे वीज घेतात. काल बाटलीतलं जंतूंचं नवं विरजण घालून टाकी भरली, तर वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा हलेना. प्रयोगशाळेच्या मॅडमना मी घासल्याचं ठाऊक नाही. थर जागेवरच आहे असं धरून त्यांना वाटतंय, जंतूंतच दम नाही. आज दहाला टाकी कायमची बंद करणार. दोन वर्षं झिजल्यात त्या."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"दातखीळ बसली."

मी गॅस बंद केला, कागद घेतला आणि लिहिलं, 'माननीय महोदया, सविनय विनंती की...'

"राहू द्या," ते म्हणाले. "सविनय वाचेपर्यंत दहा वाजतील."

त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला, तेव्हा ते उभेच होते, ओट्याला घट्ट धरून.

"मॅडम, जंतूंचा दोष नाही. कांडी मी घासली."

भावजी तळव्याने ओटा पुसू लागले.

"थर पुन्हा धरायला तीन आठवडे लागतात, असं तुम्हीच सांगितलं होतं. मला कामावरून काढा हवं तर. टाकी तेवढे तीन आठवडे चालू ठेवा."