शिट्टीबाई आणि टेलरमावशी

हजेरीपटावर नाव काहीही असलं तरी शाळेत त्या शिट्टीबाईच. गळ्यात लाल दोरीला लटकलेली पितळी शिट्टी, डोक्यावर आवळून बांधलेला अंबाडा आणि आवाज असा, की मैदानात ‘सावधाऽऽन!’ म्हटलं की कुंपणापलीकडून जाणारा सायकलवाला पायडल मारायचा थांबायचा. एकोणीस वर्षं त्या मुलींचा खेळाचा तास घेत होत्या. तरुणपणी स्वतः शंभर मीटर पळायच्या. तेव्हाचा कप अजून कपाटावर होता आणि दर रविवारी पुसला जायचा.

अशा बाईंना हेवा वाटावा तो कुणाचा? जिना चढताना दोनदा थांबून ‘आई आई गं’ म्हणणाऱ्या, गुडघ्याला पट्टा बांधून शिलाई मशीनवर बसणाऱ्या टेलरमावशीचा!

त्याचं झालं असं. मैदानाच्या कडेला सिमेंटचा एक लांब बाक होता. सहावीच्या तासाला तो ओस पडलेला असायचा. सातवीला दोघी-तिघी, आठवीला निम्मा, आणि नववीला तर बसायला जागा मिळेना. प्रत्येकीच्या हातात घरून आणलेली चिठ्ठी.

“बाऽऽई, घोटा मुरगळलाय.”

“कुठला?”

“हाऽऽ... नाही नाही, हा.”

दुसरी नुसतंच पोट धरून उभी. तिसरीचं डोकं दुखायचं, तेही फक्त सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, तिसऱ्या तासाला. आणि त्या बुधवारी बाईंच्या हाती जी शेवटची चिठ्ठी आली ती त्यांच्या पोटच्या पोरीची होती. ‘मुलीला अशक्तपणा आहे. बसू द्यावे.’ खाली वडिलांची सही.

घरी नवऱ्याला विचारलं, तर तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, “तिनं मागितली, मी दिली. मला वाटलं, सहलीची आहे.”

त्याच दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, बोलावलं. त्या कधी आवाज चढवत नसत. सुरी लोण्यातून फिरवल्यासारखं बोलायच्या. “अहो, मुली बसूनच राहणार असतील तर वर्गात बसलेल्या काय वाईट? गणिताचे सर तास मागताहेत. सोमवारी मी खिडकीतून बघेन हं. बाक भरलेला दिसला, तर नववीचा तास गणिताला.”

आता बाईंना झोप कसली लागते? पण खरी मेख पुढेच होती. ‘अशक्त’ लेक रोज संध्याकाळी ‘मावशीकडे पँट आखूड करायला’ जायची आणि गाल लाल, केस विस्कटलेले, घामानं पाठ भिजलेली अशी परत यायची. एक पँट किती दिवस आखूड करणार? एव्हाना तिची चड्डी व्हायला हवी होती.

आणि मावशी म्हणे! बाईंना सख्खी बहीण नव्हती. ही मावशी कुठून उगवली?

गुरुवारी त्या पाठोपाठ गेल्या. शाळेपासून दोन गल्ल्या सोडून टेलरमावशीची खोली. पुढं मशीन, मागं फरशीचं अंगण आणि त्याला डोक्याएवढी भिंत. भिंतीशी पोचतात न पोचतात तोच आतून त्यांचाच आवाज आला.

“सावधाऽऽन! कंबर आहे की कपाट? गुडघे वर! मी तुमच्या वयाची असताना वाऱ्याशी शर्यत लावायची!”

आणि सांगायची गंमत म्हणजे बाई खरोखर सावधान झाल्या. टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले. मग आतून हशा फुटला तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. नक्कल लेक करत होती, आणि इतकी हुबेहूब, की कपाटाचा ‘क’सुद्धा तस्साच ठसक्यात.

बाईंनी चवड्यांवर उभं राहून आत पाहिलं. नववीच्या बावीस मुली! घोटा मुरगळलेली, पोट धरणारी, सगळ्या. दोघी जणी कापडाच्या चिंध्यांची जाडजूड वेणी गरागरा फिरवत होत्या आणि टेलरमावशी मशीनवरून, मान वर न करता, शिवणातल्या टाक्यांची नावं ओरडत होती, “धावदोराऽऽ!” की मुली एकामागून एक त्या दोरीखालून सुईसारख्या पळत पार. “उलटी टीऽऽप!” की दोन उड्या पुढं, एक मागं. “साखळी!” की हातात हात घालून सगळ्या एकदम. कुणाचा पाय अडकला की सगळ्या मिळून ओरडायच्या, “उसवलंऽऽ!” आणि जवळच्या दोघी अडकलेलीला हाताला धरून पुन्हा उडीत घ्यायच्या.

जी बाई मशीनचं पायडलसुद्धा एकाच पायानं मारते, तिच्याकडे बावीस! आणि माझ्याकडे बारा, त्यातल्या चार चिठ्ठी लिहायला विसरलेल्या! बाईंच्या छातीत कुणी गरम इस्त्री टेकवल्यासारखं झालं. माय मरो, मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही.

घरी जाताना त्यांनी नवीकोरी नायलॉनची दोरी घेतली.

शुक्रवारी मैदानात उभं राहून जाहीर केलं, “आजपासून माझी नवी पद्धत. धावदोरा!”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. लेकीनं आकाशाकडे पाहिलं. पण नवलाईपोटी निम्मा बाक उठला. पहिली पार झाली, दुसरी झाली. तिसरी, ती उंच, सगळ्यांत लाजरी पोरगी, तिचा पाय अडकला. आणि एकोणीस वर्षांची जीभ सवयीनं वळली. “बाद! बाकावर!”

दोरी थांबली. लाजरी पोरगी मान खाली घालून बाकावर जाऊन बसली आणि बसल्यावर तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला. मग काय, पोरींना वाटच सापडली. सात मिनिटांत बाक भरला. शेवटी लेक आली, तिनं बाईंच्या डोळ्यांत बघत दोरीवर सावकाश पाय ठेवला आणि विचारलं, “बाद ना? जाते.”

संध्याकाळी बाई आपली पळायच्या दिवसांतली निळी ट्रॅकपँट घेऊन टेलरमावशीच्या दारात उभ्या राहिल्या. बहाणा हवाच ना.

“या बाई. काय करायचंय?”

“कंबर. थोडी सैल.”

टेलरमावशीनं टेप लावली, चष्म्यावरून पाहिलं. “थोडी म्हणजे पाच इंच.”

“टेप जुनी असेल तुमची.”

“टेप तेवढीच आहे हो,” मावशी म्हणाली आणि खडूनं खूण केली.

बाईंचा संयम संपला. “माझ्या पोरी पळवल्यात तुम्ही!”

“पळवते खरी. रोज पाऊण तास.”

“जादू काय करता ते सांगा. तोच खेळ मी घेतला, तीच नावं घेतली.”

“नावं घेतलीत, पण ‘उसवलं’ घेतलंत का? मला कळलं सगळं. तुम्ही म्हणालात, बाद.” मावशीनं दातानं दोरा तोडला. “बाद झाली की बाकावर बसायला मिळतं, मग ती कशाला मरायला उडी मारेल? आमच्या धंद्यात उसवलं म्हणून कापड फेकत नाहीत, टाका घालतात. आणि आधी खेळाच्या तासाची ती पांढरी पँट बंद करा.”

“गणवेश आहे तो! शिस्त म्हणून...”

“महिन्याच्या त्या चार दिवसांत पांढरी पँट घालून, वर तंगड्या करून, सगळ्या शाळेसमोर तुम्ही माराल उड्या? तुमची स्वतःची कुठल्या रंगाची आहे?”

बाईंनी मावशीच्या हातातल्या पँटकडे पाहिलं. गडद निळी. पळायच्या दिवसांतही गडद निळीच. पोट धरून उभी राहणारी ती पोरगी त्यांच्या डोळ्यांपुढं आली, आणि आपण तिला ‘नाटकं नकोत’ म्हणालो होतो हेही.

तेवढ्यात मागच्या अंगणातून दोरी फरशीवर आपटल्याचा फट् फट् आवाज यायला लागला. मावशीनं मानेनंच खूण केली, जा.

बाई अंगणात आल्या तशी बावीस तोंडं बंद झाली. लेक भिंतीला टेकली. बाईंनी पदर खोचला, शिट्टी मागं पाठीवर टाकली आणि दोरीत शिरल्या. दाखवूनच देते म्हणावं! दहा उड्या अशा झाल्या की पोरी बघत राहिल्या. अकरावीही झाली. बाराव्या उडीला चिंध्यांची वेणी घोट्याला विळखा घालून बसली.

बाईंच्या कानात त्यांचाच आवाज घुमला, ‘बाद’. त्या आपणहून भिंतीकडे चालू लागल्या. एवढ्याशा अंतरात त्यांना कळलं, बाकापर्यंतचा रस्ता किती लांब असतो ते.

“उसवलंऽऽ!” मशीनवरून हाक आली.

तरी कुणी पुढं येईना. शिट्टीबाईंचा हात धरायचा कुणी? मग एक घामट हात त्यांच्या पंजात शिरला.

“चल आई, टाका घालू,” लेक म्हणाली, आणि लगेच बाईंच्याच आवाजात, “गुडघे वर! कंबर आहे की कपाट?”

“पाच इंच वाढलेलं कपाट!” मावशी आतून ओरडली. सगळं अंगण हसलं. बाईंना राग यायला हवा होता, पण उडी मारताना राग धरता येत नाही. दम लागतो.

सोमवारी मोठ्या बाई चष्मा लावून खिडकीत उभ्या होत्या. शनिवारीच वर्गात निरोप गेला होता, ज्या गडद पँटमध्ये हलता येईल ती घाला. बाकावर दोघीच होत्या. एकीच्या हाताला खरं प्लास्टर, दुसरीला खरा ताप. बाकीच्या दोरीत. पाचव्या फेरीला त्याच लाजऱ्या पोरीचा पाय अडकला आणि सगळ्या वर्गाचे कान बाईंच्या तोंडाकडे लागले.

“बा...” बाई म्हणाल्या. उरलेलं अक्षर गिळलं, शिट्टी सोडून दिली आणि पोटातून हाक मारली, “उसवलंऽऽ!”

सायकलवाला थांबला. हाक दोन गल्ल्या पार करून गेली. लाजऱ्या पोरीला चौघींनी ओढून उडीत घेतलं. मोठ्या बाईंनी खिडकी लावली आणि शिपायाकरवी गणिताच्या सरांना कळवलं, तास मिळणार नाही.

संध्याकाळी लेक परतली ती हसू दाबत. “आई, मावशीनं निरोप दिलाय.”

“काय?”

“म्हणाली, ‘शब्द माझा आहे म्हणावं त्या शिट्टीला. आणि पोरी आज दमूनच आल्या माझ्याकडे! निम्म्या भिंतीला टेकून बसल्या. काय खेळवलं एवढं?’”

बाई सावकाश खुर्चीत बसल्या. “कशा आवाजात म्हणाली?”

लेकीनं चष्मा नाकावर ओढल्याचा आव आणला, तोंडात नसलेला दोरा दातानं तोडला आणि अस्सल मावशीच्या आवाजात, जळून खाक झालेल्या मावशीच्या आवाजात, सगळं पुन्हा म्हणून दाखवलं.

“पुन्हा कर,” बाई म्हणाल्या.

तीनदा करून घेतलं त्यांनी. मग उठल्या आणि सोमवार असूनही कप पुसायला घेतला.