घोडी कुणाला म्हणायचं

मुलांनो, तुमची ताई दिवाळीला सोलापूरला येणार नाही म्हणाली, त्याला कारण एक शब्द. बार्शीहून माझ्याकडे राहायला आलेल्या मोठ्या आजीने, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, व्हिडिओ कॉलवर तिला पाहिलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "केवडी घोडी झालीस गं!" ताईने शब्दकोश उघडला आणि रुसून बसली.

शब्दकोशात नाही ते मी सांगते. इंग्रजीत घोड्याच्या तरुण मादीसाठी 'फिली' असा वेगळा शब्द आहे आणि तो बहुतेक तबेल्यातच राहतो. आपल्याकडे ती लहान असताना शिंगरू आणि मोठी झाली की घोडी. हा दुसरा शब्द मात्र जनावरांपेक्षा घरातल्या मुलींच्याच जास्त कामी आला. मोठ्याने हसली, घोडी. जिना धावत उतरली, घोडी. माझा भाऊ त्याच जिन्यावरून उड्या मारायचा, पण तो वाघ होता. मी लग्नाआधी इंग्रजीत एम. ए. करायचं ठरवलं, तेव्हा मला घोडनवरी ही पदवी मिळाली, तीही परीक्षेला न बसता.

ताई रुसल्याचं कळल्यावर जाऊबाईंनी मला पुन्हा फोन लावायला सांगितला. माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही.

"बरं बाई, घोडी न्हाय म्हनत," त्या म्हणाल्या. "आमचं शिंगरू हाईस तू. आता येतीस का?"

ताईने फोनवर शिंगराचं चित्र शोधलं. ते लांब, लटपटते पाय पाहून ती खो खो हसली आणि येते म्हणाली.

ते हसणं ऐकून जाऊबाईंच्या ओठांवर जुना शब्द आलाच होता. माझ्याकडे पाहून त्यांनी तो गिळला.